अनुदान घ्यावे, पण चौथ्या वर्षाचे उत्तर ठरावातच लिहून घ्यावे

गोदाकाठ (धागाकर्ती)

अमेरिकेतील शहरांच्या सभांची कार्यवृत्ते गेले काही दिवस वाचत होते. तरुणांमधील हिंसा रोखण्यासाठी राज्य किंवा संघ सरकारने देऊ केलेले अनुदान स्वीकारणे, हा विषय त्यांत वारंवार येतो. ठराव बहुधा अगदी लहान असतो. अनुदान स्वीकारण्यास मान्यता, शहराच्या प्रशासकाला करारावर सही करण्याचा अधिकार आणि चालू अर्थसंकल्पात तेवढ्या रकमेची वाढ, एवढेच त्यात असते. पैसा बाहेरून येत असल्यामुळे सहसा कोणी हरकत घेत नाही आणि विषय मंजूर होतो. मला मात्र वाचताना सारखे वाटत राहिले की अनुदानाच्या तीन वर्षांच्या मुदतीत काय होणार आणि त्यानंतर काय उरणार, हे त्याच चार ओळींत ठरून जाते.

हा विचार नाशिकच्या संदर्भात मांडावासा वाटण्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. मी नाशिकच्या सिडको भागात राहते. रात्री टोळके यावे, रस्त्यावर उभ्या रिक्षा आणि दुचाकींच्या काचा फोडाव्यात, हातात कोयते मिरवत चित्रफीत काढावी आणि सकाळी ती सगळ्यांच्या मोबाइलवर पोहोचावी, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. यातली बरीच मुले पंधरा ते वीस वयाची असतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी धडक कारवाई केली, ‘कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा गाजली आणि लोकांना हायसे वाटले. मलाही वाटले. पण जो मुलगा आज चौदा वर्षांचा आहे आणि दोन वर्षांनी त्याच कट्ट्यावर बसणार आहे, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे काम पोलीस ठाण्याचे नाही. ते शहराचे आहे.

म्हणून प्रश्न असा, की या कामासाठी उद्या केंद्राचे, राज्याचे, जिल्हा नियोजन समितीचे किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे पैसे नाशिक महापालिकेला देऊ केले गेले, तर महासभेने ते कोणत्या अटींवर स्वीकारावेत? मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर १२२ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे, त्यामुळे हा प्रश्न विचारायला आता जागा आहे.

माझे मत आधीच सांगते. पैसा माणसांवर खर्च व्हावा आणि अनुदान संपल्यावर, चौथ्या वर्षी, त्या माणसांचे वेतन कोण देणार, हे स्वीकृतीच्या ठरावातच लिहिलेले असावे. बोस्टनचा अनुभव यासाठी महत्त्वाचा वाटतो. तिथे १९९६ मध्ये पोलीस, परिवीक्षा अधिकारी (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे), चर्चची माणसे आणि रस्त्यावर काम करणारे कार्यकर्ते एकत्र आले आणि टोळ्यांमधल्या मुलांशी थेट बोलू लागले. तरुणांच्या हत्यांचे मासिक प्रमाण ६३ टक्क्यांनी घटल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. पुढे २००० च्या सुमारास ती घडी विस्कटली, माणसे पांगली आणि हत्या पुन्हा वाढल्या. शिकागोत भांडणे पेटण्याआधी मिटवणाऱ्या वस्तीतील मध्यस्थांच्या कामाला मिळणारा राज्याचा निधी २०१५ मध्ये अर्थसंकल्पाच्या कोंडीत अडकला आणि २०१६ मध्ये त्या शहरात साडेसातशेहून अधिक खून झाले. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य आहे. परंतु ज्या मध्यस्थाने दोन वर्षे खपून एखाद्या गल्लीचा विश्वास कमावला, तो निधी थांबताच नाहीसा झाला, तर त्याच्यामागून येणाऱ्यावर ती गल्ली विश्वास ठेवील का?

---

जुना हिशेबनीस

ताई, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मी एका नगरपालिकेच्या लेखा विभागात बावीस वर्षे काम केले, त्यामुळे अनुदानाची ही बाजू थोडी विस्ताराने लिहितो.

अनुदान आले की त्याच्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातले वेगळे खाते, उघडले जाते. स्वहिस्सा, म्हणजे पालिकेचा स्वतःचा वाटा, असल्यास तो अर्थसंकल्पात दाखवावा लागतो. खर्च झाल्यावर, पैसे ठरल्या कामावरच खर्चल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र जाते आणि ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. अखर्चित रक्कम परत करावी लागते, केंद्राच्या अनुदानात तर तिच्यावर मिळालेले व्याजही. आता कल्पना करा, की मार्च महिना आहे आणि हातात चाळीस लाख रुपये पडून आहेत. वस्तीत फिरणाऱ्या कार्यकर्त्याचे मानधन महिन्यामहिन्याने निघते, ते एकदम काढता येत नाही. कॅमेरे, खुल्या व्यायामशाळेचे साहित्य, फलक, सभागृहाचे नूतनीकरण यांची देयके मात्र एका दिवसात निघतात. म्हणून पैसा वस्तूंकडे वळतो. यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही, व्यवस्थेचा उतारच त्या बाजूला आहे.

माझ्याच कारकिर्दीत किशोरवयीन मुलांसाठी आलेल्या एका छोट्या अनुदानातून आम्ही खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि एक कपाट घेतले. प्रमाणपत्र वेळेत गेले आणि लेखापरीक्षणात एकही आक्षेप निघाला नाही. त्या सभागृहात मुलांशी बोलायला मात्र कोणी नेमलेच नव्हते. त्या कागदावर माझीही सही आहे आणि ती आठवण मला अजून सलते.

नाशिकला मोठ्या अनुदानांचा अनुभव आहे. नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात केंद्राचे ५०, राज्याचे २० आणि महापालिकेचे ३० टक्के असे सूत्र होते. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीत निवड झाली आणि अशोकस्तंभ ते त्र्यंबक नाका हा १.१ किलोमीटरचा रस्ता त्यातून झाला. रस्ता मोजता येतो, त्याचे मोजमाप पुस्तक असते. एखादा मुलगा कोयता घरी ठेवून झोपायला गेला, याची नोंद घ्यायला असे पुस्तक नाही, आणि ज्याची नोंद होत नाही त्याचे देयक काढताना लेखापाल बिचकतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ ची कामे बंधनकारक आणि कलम ६६ ची ऐच्छिक आहेत. हिंसा-प्रतिबंधाचे काम ऐच्छिकात गेले, तर तंगीच्या वर्षी पहिली कात्री तिथेच लागेल. त्यामुळे चौथ्या वर्षाची तरतूद महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवण्यात येणाऱ्या पाच टक्के निधीशी जोडावी, असे मी सुचवीन. तो निधी दरवर्षी असतोच, आणि या कामाचा त्याच्याशी संबंध जोडायला ओढाताणही करावी लागत नाही.

---

पवननगरची आई

मी पहिल्यांदाच लिहीत आहे, काही चुकले तर सांभाळून घ्या. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याने अजून काही केलेले नाही. पण त्याच्या वर्गातील एक मुलगा गेल्या वर्षी एका मारामारीत जिवाने गेला आणि दुसरा, पकडलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात जाऊन आला. तो परत आल्यावर माझ्या मुलाच्या मित्रांत त्याचा मान वाढला. घरी या विषयावर बोलायला लागले की मुलगा उठून जातो. त्याचे वडील दुसऱ्या पाळीला असतात. मला अनुदानातले काही कळत नाही. असा एक तरी माणूस हवा, की ज्याला मी रात्री दहा वाजता फोन करू शकेन आणि जो पोलीस नसेल, एवढेच मला कळते.

---

कायदावाचक, नाशिक रोड

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यात या धाग्याचा सारा विषय आला आहे. मी अठराच्या आतील मुलांची प्रकरणे ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळासमोर काही प्रकरणे चालवली आहेत, त्या आधारे थोडे लिहितो, कारण कायद्याविषयी आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत.

पहिला असा, की अठराच्या आतील मुलाला काहीच होत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार गुन्हे किरकोळ, गंभीर आणि निर्घृण अशा तीन प्रकारांत मोडतात. किमान सात वर्षांची शिक्षा असलेला निर्घृण गुन्हा सोळा ते अठरा वयाच्या मुलाकडून घडल्याचा आरोप असेल, तर कलम १५ खाली मंडळ प्राथमिक मूल्यांकन करते आणि प्रकरण प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. दुसरा गैरसमज असा, की पोलिसांनी प्रत्येक मुलावर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. आदर्श नियम २०१६ सांगतात की निर्घृण गुन्हा किंवा प्रौढांसोबत मिळून केलेला गुन्हा वगळता प्रथम माहिती अहवाल नोंदवायचा नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करायचा. हा अहवाल म्हणजे आधीच हिंसेच्या उंबऱ्यावर पोहोचलेल्या मुलाचे घर, शाळा आणि संगत यांची नोंद असते. तो मन लावून लिहिला गेला, तर त्या मुलाला नेमकी कशाची गरज आहे हे त्यातूनच कळते. मी पाहिलेल्या अनेक अहवालांत मात्र ‘आर्थिक परिस्थिती बेताची’ एवढ्यावरच रकाना संपवलेला असतो.

मुलांना पुढे करणाऱ्या प्रौढांविषयी फारच कमी बोलले जाते. टोळीतील मोठी माणसे अल्पवयीन मुलाच्या हातात हत्यार देतात, कारण तो लवकर सुटेल असा त्यांचा हिशेब असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ नुसार मुलाला गुन्ह्यासाठी कामाला लावणाऱ्यास किमान तीन आणि कमाल दहा वर्षांची शिक्षा आहे. मुलाला पकडल्यावर त्याच्या मागचा माणूस कोण, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात विचारला गेला पाहिजे.

आणि एक इशारा. अनुदान मिळाले की ‘धोक्यातील मुलांची यादी’ मागितली जाईल. अशी यादी ठाण्याच्या फळ्यावर गेली, की कोणाचाही हेतू वाईट नसताना ती गुन्हेगारांची यादी बनते. कलम ७४ नुसार कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही. यादी कोणाकडे राहील, ती कोण पाहील आणि कधी नष्ट केली जाईल, हे ठरावात लिहिलेले हवे.

---

विहितगावकर

सर्वांचा आदर राखून वेगळे मत मांडतो. माझ्या दुचाकीची तोडफोड दोनदा झाली आहे. भरपाई कोणी दिली नाही आणि ती मुले आजही तिथेच बसतात. समुपदेशन, मानधन, कार्यकर्ते हे सर्व ऐकायला चांगले वाटते, पण धाक नसेल तर काही उपयोग नाही. मला वाटते, शाळाशाळांतून मुलांना नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात एकदा नेऊन आणावे, कैद्यांकडूनच तिथले हाल ऐकवावेत. एका दिवसाचा खर्च तो किती? अनुदानातून हे पहिल्यांदा करावे.

---

गोदाकाठ (धागाकर्ती)

विहितगावकर, तुमचा राग रास्त आहे. दोनदा नुकसान सोसलेल्या माणसाला धीर धरा असे सांगण्याचा अधिकार मला नाही. तोडफोड करणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी आणि या कामाने तिची जागा घ्यावी असे माझे म्हणणेही नाही.

कारागृह दाखवण्याच्या कल्पनेबद्दल मात्र लिहिले पाहिजे, कारण नेमका हाच प्रयोग करून पाहिलेला आहे. न्यू जर्सीच्या राहवे कारागृहात १९७० च्या दशकात तो सुरू झाला. जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडायचे, आतले हाल सांगायचे. पुढे तो अनेक राज्यांत पसरला. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत आणि एकालाच कारागृह दाखवावे, अशा पद्धतीने झालेले अभ्यास नंतर एकत्र तपासले गेले, तेव्हा कारागृह पाहून आलेल्या मुलांनी, न पाहिलेल्यांपेक्षा, पुढे अधिक गुन्हे केल्याचे आढळले. आधी मलाही हे पटले नव्हते. पण वर पवननगरच्या ताईंनी लिहिले आहे, की निरीक्षणगृहातून आलेल्या मुलाचा मित्रांत मान वाढला. त्यातच याचे कारण दिसते.

उलट शिकागोतच २०१२ च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त भागांतील शाळांतल्या मुलांना आठ आठवडे, आठवड्याला पंचवीस तास, किमान वेतनावर काम दिले गेले. अशाच चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत पुढच्या सोळा महिन्यांत त्यांच्या हिंसक गुन्ह्यांतील अटका ४३ टक्क्यांनी कमी झाल्या. शाळेत आठवड्यातून एकदा, भडकण्याआधी क्षणभर थांबून विचार करायला शिकवणाऱ्या वर्गांचाही चांगला परिणाम दिसला. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतील अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या, पण तो संपल्यावर हा फरक टिकला नाही. माझ्या चौथ्या वर्षाच्या आग्रहामागे हाही एक आधार आहे.

---

आठवी-ब ची बाई

मी पंचवटी भागातील एका शाळेत शिकवते. आपल्या महापालिकेच्या बहुतेक शाळा आठवीपर्यंत आहेत. शिक्षण हक्क कायद्याचे संरक्षणही चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. आठवीचा निकाल लागतो, दाखला हातात पडतो आणि त्या दिवसापासून मुलगा कोणाच्याच हजेरीपटावर नसतो. नववीला दुसऱ्या शाळेत गेला की नाही, हे विचारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर मला पंधरा वर्षांत मिळालेले नाही. मी माझ्यापुरते जूनमध्ये आधीच्या वर्षीच्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन करते. दरवर्षी चार-पाच मुले कुठेच गेलेली नसतात. त्यातला एखादा दिवाळीपर्यंत बोलण्या-वागण्यात ओळखू येईनासा होतो.

तेव्हा अनुदानातून नेमलेल्या माणसाचे पहिले काम हेच असावे, की जून आणि जुलैत आठवी उत्तीर्ण मुलांची घरे गाठावीत. इथे यादीची अडचणही येत नाही, कारण ती गुन्ह्यांवरून केलेली नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यांवरून केलेली आहे आणि तिच्यात हुशार, साधी, खोडकर सगळीच मुले आहेत. घरची ओढाताण असेल तर राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये किंवा केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतील प्रायोजकत्वाचे ४,००० रुपये पात्र मुलाला मिळू शकतात. वडील वारलेल्या एका मुलाचा अर्ज मी स्वतः भरून घेतला. त्यासाठी सात फेऱ्या झाल्या. आज तो दहावीत आहे.

---

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. रात्री साडेअकरानंतर अपघात विभागात जे येते, त्यातील सगळे पोलिसांपर्यंत जात नाही. हातावर वार झालेला मुलगा ‘काच लागली’ असे सांगतो, सोबत आलेले मित्र मान डोलावतात आणि टाके घालून सगळे निघून जातात. आठ दिवसांनी दुसरा मुलगा तशीच जखम घेऊन येतो, आणि तो पहिल्याचा बदला असतो हे आम्हाला बोलण्यातून कळलेले असते.

वेल्समधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाने यावर साधी पद्धत बसवली. रुग्णालयात हल्ल्याचे ठिकाण, वेळ आणि हत्यार एवढेच नोंदवायचे, नाव काढून टाकायचे आणि ती माहिती दर महिन्याला शहर व पोलीस यांच्या बैठकीत ठेवायची. तुलनेच्या इतर शहरांपेक्षा तिथे हल्ल्यातील जखमींचे प्रमाण ठळकपणे कमी झाले. आपल्या महापालिकेची स्वतःची रुग्णालये आहेत, बिटको आहे, झाकिर हुसेन आहे. नोंदवहीत तीन रकाने वाढवायला अनुदानाचीही वाट पाहायला नको. नाव न लिहिण्याची अट मात्र कसोशीने पाळावी लागेल, नाहीतर मुले जखम लपवून घरीच पट्टी बांधतील आणि ते अधिक धोक्याचे आहे.

---

अंबडचा पर्यवेक्षक

शिक्षिकाबाईंनी लिहिलेल्या चौदा ते अठरा या वयाबद्दल कारखान्याच्या बाजूने एवढेच सांगतो. त्या वयाचा मुलगा आमच्या दाराशी काम मागायला आला, तर आम्ही त्याला यंत्रावर घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. धोकादायक कामांत अठराच्या आत बंदी आहे, ती योग्यच आहे. पण परत पाठवताना त्याला कुठे जा हे सांगायला आमच्याकडे काही नसते. सातपूरच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जायला बहुतेक अभ्यासक्रमांना दहावी लागते, आणि तो नववीत गळालेला असतो. दहावीची परीक्षा बाहेरून द्यायला मदत आणि सोबत महिन्याला थोडे विद्यावेतन, एवढे झाले तर अठरा पूर्ण होताच शिकाऊ उमेदवार म्हणून त्याला घ्यायला आमच्यासारखे अनेक जण तयार होतील. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेच लागतात. आमच्या ओळीतील दोन-तीन कारखान्यांशी बोलून पाहण्याची जबाबदारी मी घेतो.

---

विहितगावकर

कारागृहाच्या भेटीबद्दलची माहिती मला नवी होती. ती सूचना मी मागे घेतो. माझी एकच अट राहील. नेमलेला माणूस वस्तीतीलच असावा, आणि त्याच्या निवडीत कोणत्याही पक्षाच्या कार्यालयाचा हात नसावा. आमच्याकडे ‘सामाजिक कार्यकर्ता’ असा फलक लावून फिरणाऱ्यांपैकी काहींच्याच मागे ही मुले असतात.

---

जुना हिशेबनीस

हा मुद्दा फार मोलाचा आहे. कॅलिफोर्निया राज्याच्या अशाच अनुदानाबाबत २०१९ मध्ये कायदा झाला, त्यात शहराने मिळालेल्या रकमेतील किमान निम्मी रक्कम पोलिसांव्यतिरिक्तच्या, हेच काम करणाऱ्या संस्था व विभागांकडे द्यावी अशी अट होती. २०२४ च्या जुलैपासून तिथे बंदुका आणि काडतुसांच्या विक्रीवर ११ टक्के कर लावून या कामासाठी कायमचा स्रोतही उभा केला. आपल्याकडे तशी अट घातल्यास संस्थेच्या निवडीचे निकष आणि निवड झालेल्यांचे गुण संकेतस्थळावर जाहीर व्हावेत.

वरील चर्चेवरून ठरावाचा मसुदा असा करतो, दुरुस्त्या सुचवाव्यात:

‘सदर अनुदान स्वीकारण्यास ही महासभा या अटींवर मान्यता देते, की एकूण रकमेच्या किमान सत्तर टक्के रक्कम वस्तीपातळीवर काम करणाऱ्या व्यक्तींचे मानधन, प्रशिक्षण आणि मुलांचे विद्यावेतन यांवरच खर्च होईल, मुलांची कोणतीही नावनिशीवार यादी पोलीस विभागास अथवा अन्य यंत्रणेस देण्यात येणार नाही, महापालिका रुग्णालयांतील हल्ल्याच्या जखमांची नावाविना मासिक माहिती सभागृहापुढे ठेवली जाईल, आणि अनुदानाची मुदत संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचे मानधन महिला व बालकल्याण निधीतून देण्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष पहिल्याच वर्षी उघडण्यात येईल.’

---

गोदाकाठ (धागाकर्ती)

मसुदा उत्तम आहे. आठवी उत्तीर्ण मुलांच्या पाठपुराव्याचे वाक्य त्यात घालते आणि विहितगावकरांची निवडीची अटही. सिडको विभागातील नगरसेवकांना भेटून प्रत देण्यासाठी शनिवारी अकरा वाजता जाणार आहे. पंचवटी आणि नाशिक रोड भागांतून कोणी सोबत येणार असल्यास इथे लिहावे.

---

पवननगरची आई

मी येते. मसुद्यात कामाची वेळ लिहिलेली दिसली नाही. ती सकाळी दहा ते संध्याकाळी सहा अशी ठेवू नका. संध्याकाळी सात ते रात्री अकरा असे लिहा, आणि रविवार धरून लिहा.